दगडापेक्षा वीट

माझ्या काकाचे हात निळे होते. मनगटाच्या वरपर्यंत निळे, नखांच्या मुळाशी त्याहून गडद, आणि तळहातावरच्या रेषा तर जवळजवळ काळ्या. लहानपणी मला वाटे, काका म्हणजे असाच असतो. शाळेत एका मैत्रिणीचा काका तिला न्यायला आला, त्याचे हात बघून मी घरी येऊन सांगितलं की बिचाऱ्याला काहीतरी आजार झालाय. आई आणि वडील, तेव्हा वडील होते, त्यावर कितीतरी दिवस हसत होते.

आमची गल्ली रंगाऱ्यांची. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, शेडच्या मागे किंवा वर राहायच्या खोल्या, मधोमध एक सार्वजनिक नळ आणि नळापासून निघणारं, दिवसभर रंग बदलत वाहणारं गटार. कुणी लाल-पिवळ्याचा, कुणी काळ्याचा, आम्ही निळीचे. निळीच्या हौदातून सुताची लडी बाहेर काढली की ती आधी हिरवट दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. हे मी लहानपणापासून बघत आले, तरी अजून कुठे दिसलं तर थांबते. काका थांबत नसे. तो लडी पिळून काठीवर टाकायचा आणि पुढची घ्यायचा. बोलणं सगळं वडिलांकडे होतं. गिऱ्हाईक आलं की वडील पुढे आणि काका हौदाशी. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच. वडिलांना तो दादा म्हणायचा, आईला वहिनी, आणि ताटात काय पडलंय याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही, म्हणून आईचा तो फार लाडका होता.

माझे वडील सुताच्या गोदामात जळून गेले. ते तिथे कामाला नव्हते, रंगवलेलं सूत पोचवायला गेले होते. गोदामाचा मालक चोरीच्या भीतीने मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचा. पुढच्या बाजूने आग लागली तेव्हा आत जेवढी माणसं होती ती मागच्या दाराशी गेली. त्यानंतरचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की आमच्या घरात तेव्हापासून कुठल्याच दाराला आतून-बाहेरून कुलूप लागलेलं नाही. आई बाहेर जाताना नुसती कडी लावते, आणि चोर आला तर येऊ दे म्हणते.

गोदामवाला सत्तेतल्या पक्षाचा माणूस होता. त्या पक्षाला आमची गल्ली ‘ढिले’ म्हणायची. गटार बांधतो म्हणायचे, बांधायचे नाहीत. दिवा लावतो म्हणायचे, नुसता खांब रोवून जायचे. तरी वर्षानुवर्षं गल्लीने डोळे मिटून त्यांनाच मतं दिली होती, कारण निदान ते कुणाच्या अंगावर येत नाहीत, असं वाटायचं. आगीची चौकशी करू म्हणाले. चौकशी सुरू झाली एवढं कळलं, मग ती बासनात गुंडाळली गेली. गोदामवाल्याने नवं गोदाम बांधलं आणि पक्षाने त्याला कुठल्याशा समितीवर घेतलं.

पुढच्या निवडणुकीला ढिल्यांची माणसं गल्लीत आली. तुमचं दुःख समजतं, पण दुसरे आले तर याहून वाईट, शेवटी दगडापेक्षा वीट मऊ, असं त्यांच्यातला एक समजूतदार चेहऱ्याने म्हणाला. वडील असते तर ते बोलले असते. काका हौदाशी वाकलेला होता. त्याने लडी पिळली, काठीवर टाकली आणि म्हणाला, "वीट मऊ असते हे ज्यांच्या डोक्यात ती पडली नाही तेच सांगतात."

बस, एवढंच. पण कमी बोलणाऱ्याचं एक वाक्य गावभर फिरतं. मतदानाच्या दिवशी सगळं शहर बंद असताना काकाने भट्टी पेटवली आणि हौद चालू केला. ते बघून शेजारच्याने पेटवली, मग समोरच्याने. संध्याकाळपर्यंत गल्लीतलं एक माणूसही मत द्यायला गेलं नाही. पुढच्या वेळीही तसंच. मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीवर धूर असतो, ही शहरात ओळखच झाली. बाहेरचे लोक आम्हाला अडाणी म्हणाले, काही थोर म्हणाले. आई त्या दिवशी शेडसमोर खुर्ची टाकून बसायची. तिच्यासाठी सगळी गल्ली आपलं काम करत बसलीय, हे तिला दिसायचं. वडिलांसाठी या शहराने एवढं एकच केलं होतं आणि ते काकाने करवून घेतलं होतं.

आता शिंपीणबाईंचं सांगायला हवं. आमच्या शेडच्या वर एक खोली होती, त्यात त्या राहायच्या. सीमेपलीकडे कधीतरी दंगे झाले तेव्हा शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन त्या इकडे आल्या होत्या. काकू आजारी पडली तेव्हा तिला उठवणं, पुसणं, औषध देणं सगळं त्यांनी केलं. काकू गेल्यावरही त्या वरच राहिल्या. गल्लीने जे म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. खरं काय होतं ते मला माहीत नाही आणि विचारायची माझी हिंमतही नव्हती. काका त्यांना ‘बाई’ म्हणायचा, त्या त्याला ‘रंगारीभाऊ’. त्यांना मत नव्हतं, कारण त्या इथल्या नव्हत्या. राजकारणाचा विषय निघाला की हसून म्हणायच्या, एकांचा सदरा ढगळ, दुसऱ्यांचा गळ्याशी आवळणारा, अंगात बसेल असा कुणी शिवतच नाही.

गळ्याशी आवळणारे म्हणजे ‘कडक’. हा दुसरा पक्ष. दर भाषणात कडक कारवाई करू म्हणायचे, म्हणून ते नाव. पहिल्या दोन निवडणुकांत त्यांची कारवाई कुणावर, हे गुलदस्त्यात होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी सरळ सांगितलं. पलीकडून आलेल्या ज्यांच्याकडे इथल्या जन्माचा दाखला नाही, त्यांना वर्षाच्या आत शहराबाहेर काढू. भाषणात टाळ्या पडल्या. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी कुणी एकमेकांकडे फारसं बघितलं नाही.

आणि आता ढिल्यांनी उमेदवार म्हणून कुणाला उभं करावं? गोदामवाल्याला. या लोकांना अक्कल नाही असं मी म्हणत नाही. त्यांना बरोबर माहीत होतं की आमच्या गल्लीची मतं तशीही येणार नाहीत, मग आमची भीड कशाला.

मी तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या गावी होते. माझं मतही तिकडेच. निवडणुकीच्या आठवड्यात मी माहेरी आले होते, आणि मला एका जुन्या कोटाला अस्तर लावून हवं होतं. वर गेले तर शिंपीणबाई म्हणाल्या, परवापर्यंत होईल तर घेते, पुढचं काम सध्या घेत नाही. मला वाटलं, काम फार आहे. खोलीत बघितलं तर मशीनवर एकही कापड नव्हतं. कोपऱ्यात ट्रंक बाहेर काढून पुसून ठेवली होती. मी खाली येऊन काकाला सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे, माझा सदरा पण घेतला नाही.

त्या दिवशी जेवताना काका म्हणाला, वहिनी, यंदाचं काय करायचं. आईने विचारलं, कशाचं. तो म्हणाला, मतदानाचं. आई म्हणाली की नेहमीसारखं, त्यात काय करायचंय. काकाने कुणाचं नाव घेतलं नाही, पण वरच्या खोलीकडे एकदा पाहिलं. आईलाही ते दिसलं. ती वाईट बाई नाही. शिंपीणबाईंना ताप आला तर हीच वर डबा घेऊन जायची. पण ती म्हणाली, दुसऱ्याचं घर वाचवायला माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला निवडून द्यायचं, असा कुठला न्याय? आणि आपली चार मतं गेली काय, राहिली काय, कुणाला फरक पडतो. आपण कुणालाच देत नाही म्हणजे आपल्या माथी कुणाचंच पाप नाही. कडक आले तर त्यांचं पाप कुणाच्या माथी, असं मी विचारलं. आई म्हणाली, तुझं जेवण थंड होतंय.

मतदानाच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे भट्ट्या पेटल्या. आईची खुर्ची बाहेर आली. काका दुपारपर्यंत हौदाशी होता. मग त्याने सुताचा एक गठ्ठा बांधला, मला म्हणाला, व्यापाऱ्याकडे पोचवायचाय, येतेस का सोबत. व्यापाऱ्याचं दुकान बंद असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण काकाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याला ते नीट जमत नसे, आणि गल्लीलाही त्याच्याकडून खोट्याची सवय नव्हती, त्यामुळे कुणी विचारलं नाही. दुकानाच्या बंद दारासमोरून आम्ही पुढे गेलो आणि शाळेच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, गठ्ठा धर, मी आलोच.

मला सगळं कळलं, आणि त्याने हे का जमवून आणलं तेही कळलं. मत दिलं की बोटाला शाई लावतात. दुसऱ्या कुणाच्या बोटावर ती दिसली असती. त्याच्या हातावर काय दिसणार होतं? सगळ्या शहरात गुपचूप मत देऊन घरी जाऊ शकेल असा माणूस असेल तर तो माझा काका. त्याला वहिनींना दुखवायचं नव्हतं आणि बाईंना घालवायचंही नव्हतं, आणि देवाने त्याला त्यासाठी हात दिले होते. मीही फाटकातून त्याच्या मागे गेले.

टेबलाशी बसलेल्या कारकुनाने यादीत नाव शोधलं, मान हलवली आणि म्हणाला, बोट दाखवा. काकाने बोट पुढे केलं. कारकून बोटाकडे बघत राहिला. मग त्याने दुसरा हात मागितला. तोही तसाच. कारकुनाने साहेबाला बोलावलं. साहेब भला माणूस होता, त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, बोटावर आधीची खूण नाही हे मला दिसलं पाहिजे आणि आता लावलेली खूणही दिसली पाहिजे. तुमच्या हातावर दोन्ही दिसत नाहीत. हात स्वच्छ करून या, आम्ही संध्याकाळपर्यंत आहोत.

तेव्हा काकाला आठवलं. आगीच्या आधी, जेव्हा गल्ली मत द्यायची, तेव्हा सगळे रंगारी आदल्या दिवशी काम बंद ठेवून हातांचा रंग उतरवून घ्यायचे. बिघडलेल्या सुताचा रंग काढायची एक पूड असते, ती गरम पाण्यात घालून त्यात हात घासायचे. कातडी सोलवटायची, पण बोटं ओळखू यायची. इतकी वर्षं मत न देता गेली की ही साधी गोष्ट तो विसरूनच गेला होता. परत येताना वाटेत तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मी म्हणाले, काका, तू गेला होतास ना, त्यांनीच घेतलं नाही, यात तुझा काय दोष. मला खरंच तसं वाटत होतं. त्याला सुटायला वाट मिळाली होती, तीही सरकारी. तो म्हणाला, "बाईंना काय सांगू? माझं बोट निळं होतं?"

पूड शेडमध्ये होती. पण शेडमध्ये वाहतं पाणी नाही, ते गल्लीतल्या नळावर, आणि नळ सगळ्यांच्या समोर. आईच्या खुर्चीपासून तर हाकेच्याही अलीकडे. काकाने बादलीत भट्टीवरचं गरम पाणी घेतलं, पूड टाकली, आणि नळाशी बसून हात घासायला लागला. मी मगाने वरून पाणी ओतत होते. त्या पुडीचा वास नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी येतं. तो वास गल्लीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. एकेक जण काम थांबवून शेडच्या दाराशी आला. सूत बिघडलं का, असं शेजारच्याने विचारलं. काका म्हणाला, नाही, मत द्यायला जायचंय.

शेजारचा मग म्हणाला, कुणाला? काका म्हणाला, "गोदामवाल्याला."

शेजारच्याला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. त्याने काकाचंच वाक्य काकाला ऐकवलं. वीट मऊ झाली का आता, म्हणाला. काका म्हणाला, नाही झाली. आहे तेवढीच आहे. आणि नखं घासत राहिला. बादलीतलं पाणी आधी हिरवट, मग पिवळं होत गेलं. बोटांच्या पेरांवर कातडी फाटून रक्त आलं होतं, तिथे पूड चुरचुरत असणार, पण त्याने हात बाहेर काढले नाहीत.

आई खुर्चीवरून उठली. नळापर्यंत आली. मला वाटलं ती बादली लाथाडेल. ती उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "भावोजी, कुलूप त्याने लावलं होतं."

"हो वहिनी," काका म्हणाला.

आणखी काही तरी ऐकायला आई थांबली होती. काकाने मला पाणी ओतायला खुणावलं. ती परत गेली, खुर्ची उचलली आणि आत नेली. वर खिडकीत शिंपीणबाई उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत, की हात जोडले नाहीत. खिडकी लावून घेतली. त्यांनाही माझ्या आईला तोंड दाखवायचं होतंच.

काका शाळेत गेला आणि मत देऊन आला. तळहात गुलाबी, सुजलेले, आणि एका बोटावर शाईची रेघ. त्याच्यामागून गल्लीतले आणखी काही जण बादल्या घेऊन नळाशी आले. बरेच जण आले नाहीत. शेजारचा त्या दिवशी उशिरापर्यंत भट्टी चालवत होता.

गोदामवाला निवडून आला, थोडक्यात, पण आला. आमच्या गल्लीमुळे आला की तसाही आला असता, हे कुणी सांगू शकत नाही. गल्लीत मात्र दोन्ही बाजूंना खात्री होती, ती अजून आहे. पुढच्याच आठवड्यात तो आभार मानायला आला. सोबत माणसं, हसरा चेहरा. काकाने हात धुतल्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो सरळ आमच्या शेडमध्ये शिरला आणि काकाचा सोललेला हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुम्ही जुनं मनात ठेवलं नाही, फार मोठं मन तुमचं.

आई मागच्या खोलीत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. काकाने हात सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, "माफ केलेलं नाही. मत दिलंय. तेवढंच घ्या." आणि मग त्याच आवाजात म्हणाला, "वर बाई राहतात. त्यांच्या कागदाचं बघा."

गोदामवाल्याने बघितलं, हे खरं. शिंपीणबाईंना परवाना मिळाला. एका वर्षाचा. ढिल्यांचं सगळं असंच असतं. काढून टाकत नाहीत आणि कायमचं करतही नाहीत. दरवर्षी तो नवा करून घ्यायला काकाला गोदामवाल्याच्या कचेरीत बाकावर बसावं लागे, कधी सकाळपासून. आगीची चौकशी बासनातच राहिली. मी काकाला एकदा म्हणाले, काय मिळालं मग? तो म्हणाला, वर मशीन चालू आहे ना.

आई त्याला जेवायला वाढत राहिली. ताट आधीसारखंच, पण ती समोर बसायची नाही. भावोजी म्हणून हाक मारणंही तिने सोडलं. काय हवं-नको ते माझ्यामार्फत, आणि मी नसले तर न विचारताच वाढायची. असं कितीतरी दिवस चाललं. एकदा मी आले होते तेव्हा वरून मशीनचा आवाज येत होता आणि आई भांडी पुसत होती. ती एकाएकी म्हणाली, "त्यांनी बरोबर केलं. मला कळतं. पण मी त्यांना ते सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आईला माहीत असायला हवं होतं. मी सरळ शेडमध्ये गेले. काका हौदाशी होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, चल आत, बोल तिच्याशी, तिच्या मनात काही नाही आता.

काका हौदातल्या लडीकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला तसं बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाला, नको. त्यांनी नाही बोलायचं ठरवलंय तर तसंच राहू दे. मला राग आला. मी म्हणाले, आयुष्यभर असंच जेवणार का खाली मान घालून?

"हो," तो म्हणाला. "या घरातून त्याला एक मत गेलं. एक गेलं नाही. दादासाठी कुणीतरी नको का?"